दुसरा रकाना

मेर्सिनच्या बंदराकडे पाठ करून बसते मी,
अंधाऱ्या खोलीत, सोनोग्राफीच्या पडद्यापुढे.
लोक मान मागे टाकून पडतात,
जेल गार आहे म्हणून कुरकुरतात,
आणि मी जबड्याच्या कडेखाली यंत्र फिरवत
लाळेच्या वाटेत अडकलेला खडा शोधते.
सापडला की एक पांढरी कोर,
तिच्यामागे काळी सावली.
मग मोजायचं.

मोजणं सोपं. त्यापुढचं अवघड.
माझ्या वहीत दोन रकाने:
डावीकडे ‘अंदाज’, उजवीकडे ‘झालं काय’.
चार मिलिमीटर, जिभेखाली पुढे आलेला, बोटाला लागणारा:
पाणी प्या, चोळत राहा, येईल आपणहून.
नऊ मिलिमीटर, ग्रंथीच्या वळणावर रुतलेला:
नाही येणार.
पण मधले?
काळ्या दगडावरची रेघ म्हणावं असं इथे काही नाही.
खडा टाकून पाहायचा,
तोही खड्यावरच.

नाझमिये एर्देम्लीहून आली, लिंबांच्या गोदामातून.
पट्ट्यावरून सरकणारी लिंबं निवडते,
डागाळलेलं तेवढं बाजूला काढते.
“लिंबू बघितलं की फुगतं,” ती म्हणाली,
“आणि मी दिवसाला हजारांनी बघते.”
रमझान चालू होता.
संध्याकाळी तोफेचा आवाज यायचा
आणि भांड्यावरचं झाकण उघडायच्या आधीच
तिच्या जबड्याखाली अक्रोडाएवढी गाठ.
घास अजून ताटातही नाही,
ग्रंथीला मात्र कळलेलं.
खरं सांगते, हेवा वाटला.
इतकं अचूक भाकीत माझ्या वहीत एकही नव्हतं.

सात मिलिमीटर. मागे, खोल.
“किती जुना असेल?”
वर्षाला साधारण एक मिलिमीटर धरतो आम्ही, मी म्हणाले,
धरतो एवढंच.
ती बोटं मोडत मागे गेली, सातव्यावर थांबली.
“म्हणजे जमिनीवरून भावाशी बोलणं टाकलं, ते साल.”
बाई, हे कॅल्शियम आहे.
“असेल. पण कॅल्शियमलाही
कधीतरी सुरुवात करावीच लागते ना?”

डाव्या रकान्यात लिहिलं:
आपणहून निघण्याची शक्यता फार कमी.
सणानंतरचा तिसरा मंगळवार दिला, शस्त्रक्रियेसाठी.
ती आली नाही.
फोन लागला नाही.

उजवा रकाना कोरा राहिला. तसा तो बहुतेक कोराच असतो.
बरे झालेले कशाला परत येतील?
न झालेले दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.
सतरा वर्षं मी
अर्ध्या वहीच्या जोरावर जाणकार म्हणून मिरवते आहे.

परवा मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर,
शिंपल्यांच्या गाडीपाशी, कोणीतरी बाही ओढली.
“डॉक्टर, तो गेला.”
कोण?
“तुमचा सात मिलिमीटर.
बुलगुर खात होते, दाताखाली काहीतरी आलं.
थुंकलं, आणि तशीच उठून दुकानदाराकडे गेले,
माती विकतोस का म्हणून भांडले.
मग एक आठवडा गाठ नाही, दुसरा आठवडा नाही,
तेव्हा डोक्यात उजेड पडला.
माफी मागावी लागली मेल्याची.”

आणि भाऊ? मी विचारलं, कशाला कोण जाणे.
“भाऊ? तो आहे तिथेच आहे.”

तिने गाडीवरची लिंबाची फोड उचलली,
सालीसकट दातांत धरली,
डोळासुद्धा न मिटता चावली, सावकाश,
मान माझ्याकडे वळवून,
म्हणजे मला नीट दिसावं.
मी पाहत राहिले. जबड्याखाली काही नाही.
पाणी सुटलं ते माझ्या तोंडाला,
आणि वही नेमकी घरी राहिलेली.